देशकरकाकूंची मोकळी जागा

बास्केटबॉलच्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं राहिली, की देशकरकाकू उठून भाजी निवडायला जात. आम्ही सातजण जीव मुठीत धरून टीव्हीसमोर बसलेलो, आणि काकू स्वयंपाकघरातून विचारत, "संपलं का रे? मग आता सांग, या जूनमध्ये कोणाकोणाचे करार संपून राहिले?" चेंडू बास्केटमध्ये पडतो की नाही, यात त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांचा खेळ सुरू व्हायचा तो मोसम संपल्यावर. करार संपलेले खेळाडू जुलैत नवी टीम शोधायला लागले, की काकूंच्या चेहऱ्यावर तेज यायचं.

काकू मूळच्या नागपूरच्या. इकडे परदेशात येऊन हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीसेक वर्षं नोकरी केली आणि निवृत्तीनंतर एटोबिकोच्या घरात एकट्या राहत होत्या. काका केव्हाच गेले होते, मुलगी कॅल्गरीला. मी पुण्याचा, नॉर्थ यॉर्कमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करणारा, आणि शाळेच्या टीममध्ये राखीव खेळाडू होतो एवढ्या भांडवलावर बास्केटबॉलमधलं सगळं आपल्याला कळतं असं समजणारा. आठ मराठी माणसांची आमची एक कागदावरची लीग होती. प्रत्येकाची एक टीम. खरे खेळाडू खोट्या पगारावर घ्यायचे आणि खऱ्या सामन्यांत ते जे गुण मिळवतील ते आपले. नियम मात्र खऱ्या लीगवरून घेतलेले. सगळ्या पगारांची बेरीज शंभराच्या वर जाता कामा नये, ही कॅप. केलेला करार मोडता येत नाही, फार तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारता येतो, तोही त्याच्या कॅपमध्ये जागा असेल तर. आणि जो शेवटचा येईल त्याला पुढच्या जूनमध्ये नव्या पोरांतून पहिली निवड. निवडीच्या या हक्काला पिक म्हणत, आणि सौद्यात तो दुसऱ्याला देताही येई. लीगचा सेक्रेटरी मी होतो, कारण ईमेल पाठवायची हौस मलाच होती.

लीगच्या पहिल्या जुलैत आमच्या काँडोच्या, म्हणजे राहत्या इमारतीच्या, पार्टी रूममध्ये सगळे जमले. माझ्याकडे शंभरातली चाळीस जागा मोकळी होती आणि ती मला बसू देत नव्हती. एका नावाजलेल्या सेंटरचा, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूचा, करार संपला होता. वय चौतीस, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी अडतीसवर चार वर्षांचा करार जाहीर केला आणि टाळ्यांची वाट पाहिली. टाळ्या आल्या नाहीत. काकूंनी आलेखाच्या वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"याच्यासाठी दुसरं कोण बोली लावून राहिलं होतं?"

मी आठवून पाहिलं. कोणीच नाही.

"मग तू कोणाशी भांडून राहिला होता बाप्पा?"

नोव्हेंबरात त्याचा दुसरा गुडघा गेला. मी महिनाभर सगळ्यांना फोन केले. ज्यांना तो घ्यायचा नव्हता त्यांच्याकडे जागा होती, आणि ज्यांना माझी दया येत होती त्यांच्याकडे जागा नव्हती. काकूंची टीम म्हणजे पाच फुटकळ पोरं आणि शंभरातली सत्तर जागा रिकामी. गुणतक्त्यात त्या तळाला होत्या आणि आम्ही त्यांची थट्टा करत होतो. शेवटी त्यांनीच सेंटर घेतला. बदल्यात माझे दोन पिक मागितले, पुढच्या जूनचा आणि मग थेट लीगच्या पाचव्या जूनचा. कागदावरच्या दोन वचनांवर म्हातारीच्या गळ्यात गुडघा बांधला, या आनंदात मी घरी येताना मिठाई आणली. स्मिताने, म्हणजे माझ्या बायकोने, सगळा सौदा ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हणजे तुझी अडचण घेऊन जायला तू त्यांना वर काहीतरी दिलंस." तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

पुढच्या जूनमध्ये माझ्या पिकवर काकूंनी एक किडकिडीत पोरगा निवडला. वर्षभरात तो अख्ख्या लीगमध्ये भारी ठरला आणि काकू पहिल्या आल्या. मी त्यांना खोदून विचारलं, वर्षभर सगळे हसत असताना एवढी जागा रिकामी ठेवायला धीर कसा झाला?

"लॅबमध्ये मी रॅकमधली एक नळी नेहमी रिकामी ठेवायची," त्या म्हणाल्या. "सायबाला वाटे, ही बाई आळशी आहे. पण अर्जंट नमुना आला की धावत कोणाकडे यायचे? माझ्याकडे. मोकळी जागा टोचते रे. टोचते म्हणूनच लोक ती कशानेही भरून टाकतात. टोचू द्यायची."

मी हे मनापासून ऐकलं आणि त्याच जुलैत आणखी दोन लांबलचक करार केले.

तिसऱ्या वर्षापासून मात्र काकूंचं तंत्र बिघडल्यासारखं वाटायला लागलं. ज्याला घेतील त्याला एकाच वर्षाचा करार. तो किडकिडीत पोरगाही त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकला. बैठकांना येईनाशा झाल्या, आल्या तर दमलेल्या दिसत. स्मिता दर मंगळवारी त्यांना गाडीतून कुठे तरी नेई. ग्रोसरीला जातो म्हणे, आणि परत येताना मेथीची जुडी असेच, त्यामुळे मला शंका यायचं कारण नव्हतं. दोन वर्षं मी मंगळवारी मेथी खाल्ली.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये मी एक ईमेल लिहिली. काकूंना आता हे झेपत नाही, त्यांचा भार आपण हलका करावा, त्यांची टीम एखाद्या अनुभवी सभासदाच्या टीममध्ये विलीन करावी, वगैरे. भाषा अतिशय सहृदय होती. अनुभवी सभासद म्हणजे मी, हे फक्त लिहायचं बाकी ठेवलं होतं. स्मिताने ती माझ्या खांद्यावरून वाचली. "पाठवू नकोस," एवढंच म्हणाली. मी कारण विचारलं, ते तिने सांगितलं नाही. मी पाठवली.

काकू बैठकीला आल्या. ईमेलचा छापील कागद त्यांनी घडी करून वहीत ठेवलेला होता. कुणाला कुठे बघावं कळेना.

"नितीन चुकीचं नाही लिहून राहिला," त्या म्हणाल्या. "फक्त तीस जूनपर्यंत थांबा. तोवर माझे सगळेच करार संपतात."

मला वाटलं, मी जिंकलो. सेक्रेटरी या नात्याने मी तसा ठराव लिहूनही घेतला.

काकू मे महिन्यात गेल्या. स्मिता मला हॉस्पिटलमधून फोनवर सांगत होती आणि मी मूर्खासारखा विचारत होतो, तू तिथे कशी? दर मंगळवारचं ते जाणं ट्रीटमेंटसाठी होतं. कुणाला सांगायचं नाही, आणि नितीनला तर नाहीच, अशी काकूंनी शपथ घातली होती. "तो बिचारा मग घाईघाईने चांगला वागायला लागेल," असं म्हणाल्या होत्या म्हणे.

त्यांचं घर आवरायला आम्ही दोघं गेलो. कॅल्गरीहून आलेली मुलगी फ्रिजजवळ एक कागद हातात धरून उभी होती. स्नो काढणाऱ्या माणसाचं कंत्राट, पेपर, इंटरनेट, गाडीचा विमा, सगळं तीस जूनला संपत होतं आणि पुढे काहीच घेतलेलं नव्हतं. ती म्हणाली, "आईने मला करायला काही ठेवलंच नाही." आणि ती रडायला लागली. एक वर्षाच्या करारांचा अर्थ मला त्या स्वयंपाकघरात लागला. माझी ती सहृदय ईमेल आठवून मला इतकी लाज वाटली, की मी बेसमेंटमध्ये जाऊन उगाच खोकी मोजत बसलो.

वही मुलीने माझ्या हातात दिली. शेवटच्या पानावर त्यांच्या टीमसमोर शंभर लिहून खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, "सगळी जागा मोकळी. टीम स्मिताला द्यावी. तिला थांबता येतं." त्याखाली आणखी एक ओळ होती. "नितीनचा पाचव्या जूनचा पिक नितीनला परत. बदल्यात काही नको."

त्या जुलैत पार्टी रूममध्ये काकूंच्या खुर्चीवर माझी बायको बसली, समोर तीच वही, शंभर जागा मोकळी. माझ्याकडे नेहमीप्रमाणे एक पस्तिशीचा खेळाडू होता, तीन वर्षांचा करार आणि दुखरी पाठ. सगळ्यांसमोर तिला विचारायची वेळ माझ्यावर आली, की याला घेतेस का. तिने पेन्सिल टेकवली.

"बदल्यात काय देतोस?"

देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं. काकूंनी परत केलेला पिक देतो म्हणायला मी तोंड उघडलंही होतं. मग मिटलं, आणि म्हणालो की राहू दे, माझा आहे, मी सांभाळतो. स्मिताने पान उलटलं.

मोसम संपला तो मागच्याच महिन्यात. पाठ अपेक्षेप्रमाणे गेली आणि मी आठांत आठवा आलो. ईमेलवर सगळ्यांनी माझी यथेच्छ हजेरी घेतली, आणि ती ईमेल सेक्रेटरी म्हणून मलाच सगळ्यांना पुढे पाठवावी लागली. पण जो शेवटचा येतो त्याची पहिली निवड असते. आणि या पाचव्या जूनचा पिक माझा माझ्याकडेच आहे, काकू.