बाराखडीनं लावलेलं दुकान

आजोबांनी आमचं दुकान टाकलं तेव्हा त्यात मीठ, गूळ आणि घासलेट एवढंच होतं. बाबांनी भिंतीला फळ्या ठोकल्या आणि फळ्यांवर डबे चढवले. पुढची सुधारणा मी केली, तीच सांगतो.

मी वाशीमला राहून मॅट्रिक झालो होतो. दुसऱ्या खेपेला, पण झालो. एकोणीसशे चोपन्न-पंचावन्न असेल. गावी आलो तो डोक्यात सुधारणा घेऊनच. दुकानात हळदीला खेटून खिळे, चहाच्या डोक्यावर तपकीर! एकदा बाबा माल भरायला शेजाऱ्याच्या बैलगाडीनं वाशीमला गेले आणि मी संधी साधली. सगळे डबे उतरवले, निळ्या रंगानं रंगवले, त्यांवर ठळक नावं लिहिली आणि बाराखडीच्या क्रमानं लावले. अगरबत्ती आढ्याखाली, हळद उंबऱ्याशी.

"मामंजीले इचारलं का?" बायकोनं विचारलं.

"त्यांना फार आवडेल," मी वाशीमच्या शुद्ध भाषेत म्हणालो.

बाबा आले. मी क्रम समजावून सांगत होतो, तेव्हा ते डब्यांवरून नुसता हात फिरवत होते. "बरं केलं," एवढंच म्हणाले. मग दिवसभर प्रत्येक डबा उघडून नाकाशी धरत. मला वाटलं, नव्या रंगाचा वास आवडला असावा.

दुसऱ्या सकाळी तांड्यावरची म्हातारी आली. नातवाचा नवस फेडायला पोहरादेवीला निघाली होती. तिला पावशेर खडीसाखर हवी होती. बाबांनी नेहमीसारखा मान न वळवता हात मागं नेला, डबा काढला, वास घेतला, मालही चाचपला, पुडी बांधली. म्हातारी गेली.

चौथ्या दिवशी ती परत आली. दुकानात गर्दी होती.

"भाऊ, देवीपुढं साऱ्याईनं परसाद तोंडात टाकला आन साऱ्याईचे तोंडं वाकडे! तुरटी होय थे!"

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं. वर म्हणालो, "बाबा, एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय. वाचायचं तरी!"

हसणं एकदम थांबलं. म्हातारी माझ्याकडे पाहत राहिली.

"काहून रे बाप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुले मालूमच नाही का?"

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते, पण नजर माझ्या खांद्यापलीकडे होती. बोटं तराजूच्या दांडीवरून पारडं शोधत होती. दोन वर्षांपासून त्यांना डबे दिसतच नव्हते. जागा पाठ होत्या. वासाचा माल त्यांनी या चार दिवसांत नाकानं सांभाळला, पण तुरटीला आणि खडीसाखरेला वास कुठला? अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं आणि अख्ख्या गावानं ते पोटात ठेवलं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त घरातल्या मॅट्रिकला.

"उद्यापासून गादीवर तूच बस," बाबा म्हणाले. राग नव्हता, तेच जास्त लागलं.

मी डबे उतरवू लागलो. पण कुठला डबा कुठं होता, ते मला कुठं आठवत होतं! मग गिऱ्हाइकंच सांगू लागली.

"गूळ खालून दुसरा."

"खिळे तिकडं कायले ठेवून राह्यला? हयदीजवळ ठेव."

"बिड्या भाऊच्या उजव्या हाताले. अन तपकीर चहावर, माही रोजची जागा हाय थे!"

कुणाचा बाजार राहिला, कुणाची गाडी जुंपायची राहिली. उन्हं कलली तेव्हा दुकान पूर्वीसारखं अस्ताव्यस्त झालं. बाबा गादीवरच होते. म्हातारी पुढं सरकली.

"भाऊ, पावशेर खडीसाखर द्या."

बाबांचा हात मान न वळवता मागं गेला. डबा आला. त्यांनी एक खडा आधी स्वतःच्या तोंडात टाकला, दुसरा माझ्या दिशेनं धरला.

"तू बी पाह्य चाखून," ते म्हणाले. "शिकलेल्या मानसानं लावलेलं हाय."