न्हाणीपुढचा काटा

पाऊस थांबून आठवडा झाला होता, तरी भिंती ओल्याच होत्या. आषाढातल्या उघडिपीत अकोल्याच्या जुन्या शहरात असंच असतं. आभाळ काही टाकत नाही, जमीनच खालून घाम सोडत राहते. गल्लीत वारा नाही, दोरीवरचं लुगडं दोन दिवस वाळत नाही, पहाटेपासून पाठीला पोलकं चिकटलेलं. पार्बताबाई ओसरीवर ओलं पोतं अंथरून बसली होती आणि तिच्या पुढ्यात झेंडूचा ढीग होता. पोरगा ओमप्रकाश मळ्यातून मोटरसायकलवर दोन बोचकी टाकून दुसऱ्या खेपेला गेला होता. डागी फूल इकडं, टंच फूल तिकडं, कळी वेगळी. असल्या हवेत झेंडू दुपारपर्यंत काळा पडतो, म्हणून तिचे हात थांबत नव्हते.

लग्न होऊन ती या घरात आली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात सासूनं तिच्या डोक्यावर टोपलं दिलं होतं. ते आजतागायत उतरलं नाही. सासू गेली, नवरा चंद्रभान गेला, मोर्णा नदीच्या पुलावरची गर्दी दसपट झाली. पार्बताबाई मात्र अजून डोक्यावर टोपलं घेऊन पूल ओलांडून बाजारात जाते. ओमप्रकाश म्हणतो, "माय, आटोत टाकत जाय ना." ती म्हणते, "आटोत फुलं दबते. माह्या डोक्यावर कधी दबली?"

पण भरलं टोपलं एकटीनं डोक्यावर चढत नाही. त्याला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. बाजारातल्या बायांचा हा न बोललेला कायदाच आहे. "हात लाव व माय" असं कोणी म्हटलं की वैरीण असली तरी उठते, खालून हात देते, आणि मग पाहिजे तर तोंड फिरवते. सासूनं फक्त एवढं शिकवलं होतं, की हात लावणारीच्या बोटांवर नजर ठेव. कोणी उचलून देते. कोणी उचलून देता देता मूठभर काढून घेते.

घरात काटा आला तो सुनेसाठी. करिश्मा मूर्तिजापूरची. मागच्या वर्षी तिचं पोट पाचव्यात पडलं होतं, आणि तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात ठेवायची, जसं काही हसणं ऐकून कोणी तेही हिरावून घेईल. आता पुन्हा दिवस गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर आठवड्याला वजन पाहायचं, वाढलं पाहिजे. ओमप्रकाशनं मोबाईलवरून काटा मागवला. वर जाड काच, पाय ठेवला की निळे आकडे. घरात सगळीकडे उंचसखल, म्हणून तो न्हाणीपुढच्या काळ्या दगडावर ठेवला. दोन वर्षांपूर्वी न्हाणीला टाइल्स बसवल्या, तेव्हा हा दगड पार्बताबाईनं गवंड्याला हलवू दिला नव्हता. का म्हणून विचारलं तर, "दगड चांगला हाये," एवढंच.

काट्याचं गल्लीत मोठं कौतुक झालं. शेजारची आशाबाई पहिल्याच दिवशी चप्पल काढून उभी राहिली आणि आकडा पाहून खाली उतरली.

"खोटा हाये व तुहा काटा. मी काय इतकी भरतो?"

"मंग लुगडं सोडून मोज," पार्बताबाई म्हणाली. "तेवढंच छटाकभर कमी होईन."

"तुह्या पोरापुढं सोडू का?"

करिश्मा त्या दिवशी तोंडावर हात न ठेवता हसली होती.

तिसरा महिना गेला, चौथा गेला. करिश्मा आंघोळ करून निघाली की काट्यावर उभी राहायची. शेहेचाळीस. पुढच्या आठवड्याला शेहेचाळीस. पोट पदराखालून दिसू लागलं, आकडा शेहेचाळीसच. तिचं जेवण तुटलं. रात्री ती ओमप्रकाशला उठवून पोटावर त्याचा हात ठेवायला लावायची. शेवटी पाचव्यात दवाखान्यात गेली, तर तिथल्या काट्यावर पन्नास भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ छान आहे. घरचा काटा फेकून द्या."

ओमप्रकाशनं सेल बदलले. मोबाईलमधला पातळी पाहायचा बुडबुडा दगडावर ठेवून पाहिला. बुडबुडा बरोबर मधोमध. तो स्वतः उभा राहिला, बरोबर. आशाबाईला बोलावली, ती मागच्याइतकीच भरली आणि पुन्हा चिडली. करिश्मा उभी राहिली. शेहेचाळीस.

"दगडात ओल हाये, सेन्सरले लागत असन," ओमप्रकाश म्हणाला. पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

त्या आषाढातल्या सकाळी झेंडू निवडून झाल्यावर पार्बताबाईच्या मनात आलं, की आज टोपलं काट्यावर तोलून न्यावं. टोपलं काट्यावर मावत नव्हतं, म्हणून ती आधी नुसती उभी राहिली. चोपन्न. मग आशाबाईला हाक मारून टोपल्याला हात लावून घेतला, आशाबाई गेली, आणि ती भरलं टोपलं डोक्यावर घेऊन काट्यावर चढली. मान वाकवता येत नव्हती. डोळे तेवढे खाली नेले.

चोपन्न.

मानेला टोपल्याचा भार लागत नव्हता. चुंबळीखालचं डोकं मोकळं होतं. न्हाणीत नळ थेंब थेंब गळत होता, त्याशिवाय घरात आवाज नव्हता. तिनं एक पाय दगडाच्या बाहेर टाकला आणि भार आला, एकदम, मान आत दबावी असा. ती तशीच भिंत धरून उभी राहिली. टोपलं तिरपं होऊन चार फुलं दगडावर पडली.

तिला माहीत होतं त्या दगडाखाली काय आहे.

ओमप्रकाशच्या आधी तिला एक पोरगी झाली होती. याच घरात, सासूच्या हातानं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे सासूनं बाळामागून पडलेली वार गाडग्यात घालून न्हाणीपुढं पुरली आणि वर हा दगड ठेवला. पोरगी पाचवीपर्यंतही राहिली नाही. तिला मोर्णेकाठी नेलं. नाव ठेवलं नव्हतं, म्हणून नंतर कोणी तिला कशानंच आठवलं नाही. चंद्रभाननंही नाही. काठ पुरानं किती वेळा खरवडून नेला. दगडाखालचं तेवढं घरात राहिलं होतं. त्याच दगडाशी उभं राहून पार्बताबाईनं इतकी वर्षं पाय धुतले.

पोटातलं लेकरू असो, डोक्यावरचं टोपलं असो. दगडावर उभं राहिलं, की जो भार आपण वाहून नेतो तेवढाच काट्याला दिसत नव्हता. खालून कोणीतरी हात लावत होतं.

भुताला ती भीत नव्हती. एकच गोष्ट तिला कळत नव्हती. हा हात उचलून देतोय, का काढून घेतोय? मागच्या वर्षी पाचवा महिना लागला, तेव्हाही करिश्मा रोज याच दगडावर पाय ठेवून न्हाणीत जात होती.

ती बाजारात गेली नाही. काटा उचलून सैपाकखोलीत नेला. करिश्माला तिथं उभी केली. एक्कावन्न. पोरीच्या डोळ्यात पाणी आलं, ती आकड्याचा फोटो काढून माहेरी पाठवू लागली. पार्बताबाईनं तिला काही सांगितलं नाही. न्हाणीपुढं मात्र पाट टाकला.

"पाटावर पाय देऊन जात जाय. दगडावर नाही."

"कावून, आत्याबाई?"

"गार हाये थो. लेकराले बाधते."

एकदा आशाबाईनं पाटाला ठेचाळून शिव्या घातल्या. "न्हाणीपुढं पाट कोन टाकते व? जेवाले बसू का इथं?" पार्बताबाईनं पाट पुन्हा सरळ केला. ती हल्ली कमी बोलायची. पहाटे कोणी उठायच्या आत दगडाजवळ जाऊन उकिडवी बसायची आणि कान द्यायची. आवाज कधी आला नाही. एकदा तिनं हलक्यानं म्हटलं, "काही पाहिजे असन तं मले मांग. तिले नोको मांगू." नळ गळत राहिला.

आठवा लागला. करिश्माचे पाय सुजले, कंबर धरली. एका दुपारी पार्बताबाई बाजारातून आली तर पाट भिंतीशी उभा केलेला आणि करिश्मा दगडावर उभी. डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटाखाली, तोंडावर इतकं सुख, की पार्बताबाईनं टोपलं तिथंच टाकलं.

"उतर! उतर म्हन्तो ना खाली!"

करिश्मा दचकली. "आत्याबाई, तुमी इथं उभ्या राहून पाह्यलं का कधी? पाय दुखतच नाही. पोट असं... कोनी धरून ठेवल्यावानी."

"कवापासून उभी राहून राह्यली तू इथं?"

"रोजच राह्यतो. तुमी गेल्या का."

पार्बताबाईनं तिचा दंड धरून ओढली. जोरात ओढली. त्या रात्री ओमप्रकाश मायवर पहिल्यांदा ओरडला. "अंधश्रद्धा बंद कर तुही! पोट्टी भेली ना तं तिचं काही होईन, मंग काय करशीन?" दुसऱ्या दिवशी पार्बताबाईनं गवंड्याला विचारून ठेवलं, की दसऱ्यानंतर दगड उखडून द्यायला कधी येतो. नाव नसलेल्या पोरीचं घरात तेवढंच होतं.

दसऱ्याची सकाळ म्हणजे झेंडूवाल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. ओसरी, माजघर, सैपाकखोलीच्या दारापर्यंत फुलं. रात्रभर तोरणं ओवली होती, पाणी शिंपडून शिंपडून खाली पाकळ्यांचा चिखल झालेला. ओमप्रकाश गाडी भरून पुढं गेला होता. नववा भरत आलेली करिश्मा न्हाणीतून निघाली. पाट कोणीतरी फुलांखाली घेतला होता. पार्बताबाई ओसरीच्या टोकाला होती, दोन्ही ओंजळी भरलेल्या.

करिश्माचा पाय पाकळ्यांवर गेला. मग दुसराही. पार्बताबाईनं पाहिलं, दोन्ही पाय जमीन सोडून पुढं गेले, डोकं मागं न्हाणीच्या दगडी उंबऱ्यावर चाललं. ओरडायलाही वेळ नव्हता.

करिश्मा पडली नाही.

ती उतरली. बाजारात दोघीजणी मिळून भरलं टोपलं उतरवतात ना, आधी एक बाजू टेकवतात, मग दुसरी, म्हणजे वरचं फूलही हलत नाही. तशी उतरली. आधी एक कुल्ला दगडाला टेकला, मग दुसरा, मग पाठ सावकाश उंबऱ्याला लागली. जमिनीवर आल्यावरसुद्धा तिची ओली वेणी क्षणभर मागं उचललेलीच राहिली. जशी काही मानेखालून कोणी बोटं अजून काढली नव्हती. मग वेणी खाली आली.

पार्बताबाई फुलं टाकून धावली. करिश्माचा चेहरा पांढरा पडला होता, पण दोन्ही हात पोटावर होते आणि पोटात हालचाल होती. पार्बताबाईच्या तळव्यालाही लागली, टाच मारल्यासारखी.

"आत्याबाई," करिश्मा म्हणाली, "तुमी होत्या म्हून. तुमी धरलं ना मले?"

पार्बताबाईच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग होता. करिश्माच्या मानेवर, वेणीखाली, पिवळं काहीच नव्हतं. ओली काळी माती होती तेवढी, चार छोट्या बोटांएवढी. घरात सगळीकडे टाइल्स नाहीतर फरशी. काळी माती एकाच जागी होती.

तिनं पदरानं ती माती पुसली. सगळी नाही पुसली.

"हो," ती म्हणाली. "मीच धरलं."

गवंडी दसऱ्यानंतर आला तेव्हा तिनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

कोजागरीच्या आसपास करिश्मा बाळंत झाली. पोरगी. दवाखान्यात पार्बताबाईनं नर्सला विचारलं, "बाई, वार कुठी ठेवली?" नर्स हसली, म्हणाली, आजी, ते सगळं आता दवाखानाच पाहतो. पार्बताबाई नातीच्या मुठी उघडून एकेक बोट पाहत बसली.

बाराव्या दिवशी बारसं केलं. ओमप्रकाशनं पोरीला काट्यावर तोलायचा हट्ट धरला. करिश्मा आधी एकटी उभी राहिली, मग पोरीला घेऊन, सैपाकखोलीत. पोरगी नीट भरली. आशाबाई म्हणाली, "मायवर गेली, सुकडी," आणि काजळाचं बोट टेकवलं. पाळण्यात घालताना पार्बताबाईनं दोन नावं कुजबुजली. एक बायांनी ऐकलं आणि कुर्र केलं. दुसरं तिनं न्हाणीच्या बाजूला तोंड करून म्हटलं.

दुसऱ्या दिवशी थंडीची पहिली सकाळ होती. हवा कोरडी, दोरीवरची दुपटी कडक वाळलेली. करिश्मा आणि पोरगी आत झोपल्या होत्या. पार्बताबाईनं शेवंती निवडली, पाणी शिंपडलं, वर ओलं फडकं टाकलं, चुंबळ वळली. टोपलं काठोकाठ भरलं होतं. ते तिनं ओसरीवरून ओढत न्हाणीपुढं नेलं आणि दगडावर ठेवलं.

"थांब व पार्बता," भिंतीपलीकडून आशाबाई ओरडली, "येतो मी हात लावाले. चूल पेटली का येतो."

आशाबाई हात पुसत गल्लीत आली, तेव्हा पार्बताबाई डोक्यावर टोपलं घेऊन दारातून निघालेली.

"अवं! कोनं लावला हात? ओमप्रकाश तं कवाचा गेला."

"हाये घरात," पार्बताबाई म्हणाली, आणि टोपल्याला एक हात देऊन पुलाच्या दिशेनं चालू लागली. "जातो मी. ऊन चढलं का शेवंती मान टाकते."