दोन श्वासांच्या मधे

चामराजपेटेतल्या त्या फोटोवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणालो.

आमची मुलगी तेव्हा सव्वा महिन्याची होती. सातव्याच महिन्यात जन्मलेली, ओंजळीत मावेल एवढी. पहिलं मूल फोटोशिवायच गेलं होतं, म्हणून बायकोनं हट्ट धरला होता.

अण्णांनी देवघरात शिरावं तशा चपला काढल्या, हात धुतले. मुलीला उशीवर ठेवून मी कडेनं हात लावला. कॅमेरा जुना, लाकडी. भिंगावरचं झाकण हातानं काढायचं, "एक, दोन" म्हणायचं आणि परत लावायचं. तेवढ्यात कोणी हललं तर फोटो बिघडायचा.

मी म्हटलं, "अण्णा, हिला हलू नको म्हणून कसं सांगायचं?"

"तिला कशाला सांगता? स्वल्प थांबा."

झाकणावर हात ठेवून ते तिच्या पोटाकडे बघत राहिले. तिच्याबरोबर श्वास घेऊ लागले, तिच्याबरोबर सोडू लागले. मग बायकोला हळूच म्हणाले, "श्वास सोडला की बाळ जरा थांबतं, अक्का. तेवढाच वेळ माझा."

त्याच थांबण्यानं आमच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. पुढचा श्वास येईल ना, म्हणून आम्ही सव्वा महिना तिच्या छातीला कान लावत होतो. आणि हा माणूस त्याचीच वाट बघत होता, अगदी निर्धास्त.

ती थांबली. अण्णाही थांबले. "एक, दोन."

मग दोघांनी मिळून श्वास घेतला.

फोटोत तिची पापणीन् पापणी स्पष्ट आली आहे. हललाय तो फक्त माझा हात.