हेब्बाळची ओहोटी

पुरुषोत्तम शेट्ये यांनी बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या उड्डाणपुलाकडे काठी रोखून "हा रत्नदुर्ग" असं सांगितलं, तेव्हा त्यांची सून शाल्मली दोन पावलं मागे उभी होती आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं होतं. म्हातारा भ्रमिष्ट झाला असता तर एक वेळ चाललं असतं. पण डोकं शाबूत होतं, आणि खरी पंचाईत तीच होती. भ्रमिष्टाला डॉक्टर गोळ्या देतात, हट्टी माणसाला काय देणार?

रत्नागिरीत त्यांना सगळे शेट्येकाका म्हणत. उभी नोकरी नगरपालिकेच्या पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली. त्यामुळे कोणाच्या परसात कुठलं झाड आहे, कोणत्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं आणि कोणत्या घरात भावाभावांचं बोलणं बंद आहे, हे सगळं त्यांना पाठ. निवृत्त झाल्यावर एवढं ज्ञान घेऊन घरात बसवेना, म्हणून ते दर शुक्रवारी लोकांना पायी गाव दाखवायला लागले. शुक्रवारच का? तर रविवारी लोक झोपतात आणि बुधवारी मासळी खातात. झोपलेला आणि जेवलेला माणूस ऐकत नाही, असं काकांचं मत. मांडवीची जेटी, तिथली काळी वाळू, मिरकरवाड्याचा मासळीबाजार, दीपगृह, रत्नदुर्ग, आणि शेवटी थिबा राजाचा वाडा. हा थिबा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीत आणून बसवलं. तो मरेपर्यंत तिथेच राहिला. काका त्याच्यावर थोडे नाराज असत. "तीस वर्षं इथलं पाणी प्यायला," ते म्हणत, "पण ह्याचं आपलं दुर्बीण लावून समुद्राकडे बघणं चालूच. अरे, गावात जरा मन लाव!"

फेरीची वेळ घड्याळ ठरवत नसे, पंचांग ठरवत असे. मांडवीच्या वाळूत ओहोटीलाच नीट चालता येतं, आणि भरती-ओहोटीचा हिशेब कोकणात शेंबडं पोरही सांगेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराला समुद्र पुरता फुगलेला. म्हणून काकांची फेरी कधी पहाटे निघे, कधी भर दुपारी. "माझ्या फेरीत आजवर कोणाची चप्पल भिजलेली नाही," असं ते छातीवर हात ठेवून सांगत, आणि ते खरं होतं.

मग एका पावसाळ्यात जेटीच्या शेवाळावर त्यांचाच पाय घसरला आणि घोटा मोडला. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक मुलगा राजस हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरीला. तो गाडी घेऊन आला आणि बाबांना उचलून बेंगळुरूला घेऊन गेला. जाताना काकांनी अट घातली. "शिमग्यापर्यंत. शिमग्याला मी गावी जाणार आणि मग मला न्यायला कोणी यायचं नाही. जिथे माझी फेरी, तिथे मी." फेरी त्यांनी कृष्णात सुर्वे नावाच्या शाळामास्तरांकडे सोपवली, तीही शिमग्यापुरती. पिशवीतले कपडे कपाटात लावायला त्यांनी सुनेला साफ मनाई केली. पिशवी पलंगाखाली तयार राहिली. ह्या वयात, असल्या पायाने, एकट्याने त्या घरात राहायचं, ह्या विचाराने राजसची झोप उडाली होती. पण बापापुढे बोलायची त्याची छाती नव्हती.

प्लॅस्टर निघालं आणि भाऊबीजेला शुक्रवार आला. काकांनी कॅनव्हासचे बूट चढवले. द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, पुढे सहा तास; साडेसातला ओहोटी.

"बाबा, कुठे निघालात?" शाल्मलीने विचारलं.

"फेरीला."

"कुठल्या फेरीला?"

"फेरी एकच आहे," काका म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

हरवतील ह्या भीतीने ती मागोमाग गेली. त्या दिवशी श्रोते चार होते: शाल्मली, सोसायटीचा वॉचमन आणि दोन कुत्री. काकांनी चौघांनाही सारख्याच आदराने सगळं सांगितलं. ए ब्लॉक म्हणजे मिरकरवाडा. नाक धरू नका, हा वास लक्ष्मीचा आहे. बी ब्लॉक थिबा राजाचा वाडा. उड्डाणपूल रत्नदुर्ग. मग सुट्टीमुळे ओस पडलेला रस्ता ओलांडून ते तळ्याच्या फाटकाशी आले आणि म्हणाले, "हा अरबी समुद्र. आज जरा शांत आहे."

फाटकाशी देवाप्पा एळनीर विकत बसे, म्हणजे आपली शहाळी. मूळचा निपाणीकडचा, जन्म बेंगळुरूत गेलेला. त्याने कोयता बाजूला ठेवला. "काय हो अण्णा, समुद्र म्हंतासा, मग मीठ कुठं हाय?"

"काढून घेतलंय," काका म्हणाले. "पुढे चला."

शाल्मलीने ऑफिसात ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, आणि तिथेच चुकली. पुढच्या शुक्रवारी पुण्या-नागपूरची पाच-सहा पोरं दारात हजर. शुक्रवारी ही मंडळी घरून काम करतात. म्हणजे कॅमेरा बंद, माइक बंद आणि पाय चालू. कानात मीटिंग आणि डोळ्यांपुढे रत्नागिरी, अशी वरात निघायची. एकदा एकाचा माइक चुकून चालू राहिला आणि काकांचं थिबा-पुराण थेट अमेरिकेत पोचलं. तिकडच्या साहेबाने काळजीने विचारलं, हा थिबा कोणत्या टीममध्ये होता आणि त्याला असं तडकाफडकी का काढलं? नागपूरच्या एका मुलाने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याला मात्र तळ्यावर उभं राहून खारा वारा स्पष्ट लागायचा. तो टॉवेल घेऊन येऊ लागला.

हसं होतंय तोवर ठीक होतं. पण मग बी ब्लॉकची माणसं लिफ्टमध्ये जरा ताठ उभी राहायला लागली. सोसायटीची सेक्रेटरी पवित्रा बेळगावची; ती एका संध्याकाळी घरी आली.

"अंकल, ए ब्लॉकवाले कंप्लेंट केलेत. बी ब्लॉकला पॅलेस आणि आम्हाला फिशमार्केट का, म्हणून. एक भाडेकरू घर बघायला येऊन परत गेला म्हणे."

"इतिहास मला बदलता येत नाही," काका म्हणाले.

"स्वल्प अ‍ॅडजस्ट करा की, अंकल."

राजस खाली मान घालून चहा ढवळत राहिला. बराच खल झाला. अखेर ए ब्लॉकच्या गच्चीवर लाल दिवा आहे, तेव्हा दीपगृह त्यांना द्यावं असं ठरलं. पवित्रा "सरी अंकल" म्हणून समाधानाने गेली. मासळीबाजार क्लब हाऊसमध्ये हलवला, कारण आरडाओरडा तिथेही असतोच.

खरा पेच माघात आला. त्या शुक्रवारी चतुर्थी होती, म्हणजे पंचांगाप्रमाणे ओहोटी नऊला. नऊ वाजता काका मंडळी घेऊन रस्त्याशी पोचले, आणि समोर हेब्बाळ. बस, कॅब, पाण्याचे टँकर, दुचाक्या. फटीत फट शिल्लक नाही. काकांनी काठी उंच केली. एक दुचाकी तिच्याखालून निघून गेली. "अहो, आत्ता ओहोटी आहे!" काका एका बसला म्हणाले. बसने हॉर्न दिला. मंडळी तशीच ताटकळली, आणि काकांच्या आयुष्यात पहिल्यांदा फेरी पुढे गेली नाही.

पलीकडून देवाप्पा ओरडला, "अण्णा, थांबा की स्वल्प! ते तुमचं पंचांग हितं चालत न्हाई. हितं नवाला भरती आस्ती. अकराला समदं वसरतंय बगा!"

काकांना ते फार लागलं. ओहोटीची वेळ आपल्याला कोणी सांगावी, आणि तीही निपाणीच्या माणसाने! त्यांनी राजसची दुर्बीण मागून घेतली आणि बाल्कनीत खुर्ची टाकली. सकाळी बसत ते जेवायलाच उठत. असे कितीतरी दिवस गेले. शाल्मली चहा घेऊन गेली की ते डोळ्यांवरची दुर्बीण न काढता बोलत. "नऊला भर. दहाच्या पुढे पाणी वळतं. अकराला तळ दिसतो. विमानतळाकडची बाजू आधी ओसरते, के. आर. पुरमकडची मागाहून. पाऊस झाला तर तासभर उशीर." दुर्बीण लावून बसलेला हा माणूस पाहून शाल्मलीला थिबा आठवला. ती गुपचूप आत निघून गेली.

त्यानंतर फेरी अकराला निघायला लागली, दर शुक्रवारी, तिथी कोणतीही असो. पंचांग पिशवीत गेलं. देवाप्पाशी काका आठवडाभर बोलले नाहीत, मग रोज बोलायला लागले. तळं पूर्वी कुठवर होतं, कुठल्या बाजूला शेतं होती, कोणत्या महिन्यात पेलिकन येतात, सगळं त्याच्याकडून काढून घेत. अरबी समुद्रावरचं भाषण हळूहळू आखडलं आणि पेलिकनचं लांबलं. "हा पक्षी बघा," काका सांगत, "बसल्यावर शिक्षणाधिकारी वाटतो, पण उडाला की बघत राहावं." मात्र ह्यातलं काही कोणी बोलून दाखवलं की ते उखडत. "मी शिमग्यापर्यंत आहे," एवढंच म्हणत.

शिमगा आला. तिकीट एकाच बाजूचं होतं. देवाप्पाने वाटेत असू दे म्हणून एक नारळ दिला. कोकणात नारळ घेऊन जाणारा माणूस ह्या देशात दुसरा झाला नसेल, पण काकांनी तो निमूटपणे पिशवीत ठेवला. बसच्या दाराशी शाल्मली म्हणाली, "बाबा, येतो म्हणा."

परगावी निघालेला आपला माणूस 'जातो' कधी म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. काका काहीच म्हणाले नाहीत. राजसने पिशवी वर चढवली आणि दोघं घरी परतली.

रत्नागिरीत काका यायच्या आधीच बातमी पोचली होती. होळीच्या सकाळी फेरीची जुनी मंडळी जमली. कृष्णात मास्तरांनी पुढची जागा मोकळी करून दिली. काकांनी सगळ्यांकडे पाहिलं. किती महिने वाट पाहिली होती ह्या सकाळची! ते म्हणाले, "चहा घ्या सगळे. अकराला मांडवीवर उतरू."

कृष्णात मास्तरांनी तोंड उघडलं. होळी म्हणजे पौर्णिमा, पौर्णिमा म्हणजे सव्वाअकरा, हे त्यांना कळत होतं. तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पण काकांना भरती कोणी शिकवायची? काकांनी काही नवीन शोधून काढलं असेल, असं समजून सगळे गप्प बसले, आणि बरोबर अकराला सगळे काकांच्या मागोमाग वाळूत उतरले. जेमतेम पट्टाभर वाळू उरली होती.

काका नेहमीप्रमाणे समुद्राकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बोलू लागले. पहिली लाट घोट्याला लागली. लोक एकमेकांकडे बघू लागले, पण जागचं कोणी हललं नाही. दुसरी लाट गुडघ्याशी आली आणि जाताना चार-पाच जणांच्या चपला घेऊन गेली. एक बाई "अगो बाई, माझी नवी चप्पल!" म्हणून किंचाळली. काका गर्रकन वळले. समोर पौर्णिमेचा समुद्र तट्ट फुगलेला. त्यांनी काठी उंच केली, जशी हेब्बाळच्या रस्त्यावर करत तशी, आणि समुद्राला म्हणाले, "थांब!"

समुद्र थांबला नाही. काका कमरेपर्यंत भिजले. कृष्णात मास्तरांनी दंडाला धरून त्यांना वर ओढलं आणि घाबरत विचारलं, "काका, आज अकराची वेळ कशी काय दिलीत?"

"असं कसं?" काका रागाने म्हणाले. "आमच्याकडे अकराला ओहोटी असते!"

"आमच्याकडे म्हणजे कुठे, काका?"

जेटीच्या पायरीवर बसून काकांनी बुटांतलं पाणी ओतलं, आधी डाव्या, मग उजव्या. मंडळी लांब उभी राहून चपला शोधायचं सोंग करत होती. मग काकांनी उतरताना पायरीवर ठेवलेल्या पिशवीतून फोन काढला. पिशवीत तो नारळ तसाच होता.

"शाल्मली, माझ्या फेरीत चपला भिजल्या."

"बाबा! किती वाजता उतरलात?"

"अकराला."

पलीकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग ती अगदी जपून म्हणाली, "बाबा, तिकीट काढू का?"

"शुक्रवारच्या आतलं काढ," काका म्हणाले. "आणि देवाप्पाला सांग, येतो."