तीन शहरं पाहिली, एक रकाना चुकला

आधीच सांगते, ही पोस्ट मी रागात लिहितेय. गाडी घेऊन फिरलो, फोटो काढले, खाल्लं-प्यायलं, सगळं झालं. पण 'काय तो रस्ता, काय ती हिरवळ' वाचायला आला असाल तर इथूनच परत फिरा. तुमच्या घरी बारावी झालेलं पोर असेल, इंजिनीयरिंगला जायचं असेल आणि उत्तर प्रदेशातली सरकारी कॉलेजं कोणत्या शहरात कशी आहेत ते बघायचं असेल, तर मात्र शेवटपर्यंत वाचा. आमचं झालं ते तुमचं होऊ नये.

आम्ही मूळचे वर्ध्याचे. माझा नवरा विलास केंद्र सरकारच्या एका कार्यालयात आहे, आणि त्याच्या नोकरीपायी आम्ही वीस वर्षं लखनऊच्या तेलीबागेत राहतो. मुलगी इथंच जन्मली. तिचं नाव श्रावस्ती. बुद्धांनी जिथं कितीतरी पावसाळे काढले ते गाव याच राज्यात आहे, म्हणून सासऱ्यांनी वर्ध्याहून फोनवर हे नाव सांगितलं होतं. घरात ती श्रावू. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती मला हिंदीत उत्तर देते. "श्रावू, जेवून घे." "हाँ मम्मी, आती हूँ।" यावरून मी अठरा वर्षं भांडतेय, काडीचा फरक पडलेला नाही.

तिला इलेक्ट्रॉनिक्स हवं होतं, तेही चांगल्या सरकारी कॉलेजात. राज्यातल्या या कॉलेजांचे प्रवेश एकाच ऑनलाइन काउन्सेलिंगमधून होतात. आधी नोंदणी, मग आवडीच्या क्रमानं कॉलेजं भरायची. नोंदणी मी स्वतः शेजारी उभं राहून करून घेतली होती. आमच्या घरात देव्हारा नाही, पण कागदांची एक निळी फाईल आहे आणि तिला देव्हाऱ्याचा मान आहे. एकेक कागद काढून दिला, पोरीनं भरला, झालं. कॉलेजांचा क्रम लावायला आठवडाभर वेळ होता. विलास म्हणाला, "सगळं नेटवर आहे, बघून क्रम लावून टाकू." मी म्हटलं, "पोरीला चार वर्षं पाठवायचंय की पार्सल मागवायचंय? स्थळ पाहिल्याशिवाय आपल्याकडं होकार देतात का?" त्यानं गाडीत हवा भरून आणली.

लखनऊचं कॉलेज तर गावातलंच, ते आधीच पाहून ठेवलं होतं. पहिला दिवस कानपूर. तेलीबागेतून सकाळी सहाला निघालो. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास, पण उन्नावच्या अलीकडं ट्रकांची अशी रांग की अडीच तास गेले. सहाच्या आधी निघा, आणि सोबत पाणी ठेवा. जुलैची उमस म्हणजे अंगाला चिकटलेली ओली गोधडी. कॉलेज मात्र पाहून जीव सुखावला. जुन्या लाल इमारती, कडुनिंबाची सावली, प्रयोगशाळेत कामात गढलेली पोरं. श्रावू खिडकीला नाक लावून आतली यंत्रं बघत होती, तिला हाताला धरून हलवावं लागलं.

मग मुलींचं हॉस्टेल पाहिलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. फाटक संध्याकाळी सातला बंद. मुलांचं? मुलांचं काही नाही. मी तिथल्या बाईंना विचारलं, "लड़कों का गेट?"

"अरे मैडम, लड़के तो लड़के हैं।"

"और लैब आठ बजे तक खुली है, तो लड़की सात बजे के बाद क्या करे? दीवार फाँदे?"

बाई हसल्या. मला हसू येत नव्हतं. विलास माझी ओढणी ओढत होता, श्रावू माझ्या कानाशी "मम्मी, प्लीज़" म्हणत होती. अशी मी. जिथं तिथं भांडते, आणि मला वाटतं माझंच बरोबर असतं. बाहेर येऊन एका हलवायाकडं शुद्ध तुपाचे लाडू घेतले. घड्याळात पाच वाजत आले होते. मी दुसरा लाडू उचलला, विलासनं फोटो काढला. तो फोटो मी आता बघू शकत नाही. कारण पुढं कळेल.

दुसरा दिवस गोरखपूर. लखनऊहून दोनशे सत्तर किलोमीटर, रस्ता चौपदरी आणि छान, टोलसाठी फास्टॅग भरून ठेवा. अयोध्येजवळ गर्दी असते, बाह्यरस्त्यानंच जा. बस्तीच्या पुढं एका ढाब्यावर बाटी-चोखा खाल्ला, चोखा म्हणजे वांग्या-बटाट्याचं भरीत. तिघांचं पोट साडेतीनशे रुपयांत भरलं. चोख्यातल्या कच्च्या मोहरीच्या तेलाचा वास माझ्या वऱ्हाडी नाकाला अजून झेपत नाही, पण ठेचा म्हणून खाल्ला की जातो. विलासनं परतीचा बेत सांगितला: येताना गोंड्याच्या बाजूनं वळून पोरीला तिच्या नावाचं गाव दाखवू. अठरा वर्षांत जमलं नव्हतं. श्रावू म्हणाली, "पापा, पक्का?" तो म्हणाला, "पक्का." रात्री स्टेशनजवळ साध्या हॉटेलात राहिलो. चादरी स्वच्छ होत्या, एवढं पुरे.

तिसऱ्या दिवशी सकाळी कॉलेज पाहिलं. मोठं आवार, मोकळी हवा, मुलींच्या हॉस्टेलचं फाटक रात्री नऊपर्यंत उघडं. मी खूश. तिसऱ्या वर्षाची आझमगढची एक मुलगी आम्हाला हौसेनं सगळं दाखवत होती. तिनं श्रावूची रँक विचारली आणि टाळी दिली. "अरे, इस रैंक पे तो यहाँ इलेक्ट्रॉनिक्स आराम से। लखनऊ में भी मिल सकता है। आंटी, होम स्टेट यूपी ही है ना?"

मी ताठ मानेनं म्हटलं, "नहीं बेटा, हम महाराष्ट्र से हैं।"

"वो नहीं आंटी। फॉर्म में।"

"फॉर्म में भी। महाराष्ट्र।"

त्या पोरीचा चेहरा पडला. मग तिनं हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. बारावी इथून केली असेल तर फॉर्मात होम स्टेट यूपी लिहिता येतं. बहुतेक सगळ्या जागा त्यांच्यासाठीच. दुसरं राज्य लिहिलं की बाहेरच्यांसाठी ठेवलेल्या मोजक्या जागा, त्यात देशभरातली पोरं. "करेक्शन विंडो खुली थी ना, आंटी? परसों शाम पाँच बजे तक।"

परवा संध्याकाळी पाच. मी दुसरा लाडू उचलत होते.

आमच्या जातीचे कागद महाराष्ट्राचे, ते इथल्या कोट्यात चालत नाहीत, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. त्याचा राग वेगळा, तो जुना आहे. म्हणून तर पोरगी खुल्यातून रँक काढायला दोन वर्षं घासली. आणि आता ती रँक हातात असून पाण्यात!

काउन्सेलिंगचं मदत केंद्र लखनऊलाच, जानकीपुरमच्या बाजूला. साडेदहाला गाडी हाणली. अयोध्येच्या अलीकडं गोंड्याकडं वळायचा फाटा आला. विलासनं वेग कमी केला नाही, श्रावूनं खिडकीतून पाटीकडं पाहिलं आणि परत समोर बघायला लागली.

त्या गाडीत मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. म्हणजे, थोडं लिहिते. विलासला म्हटलं, वीस वर्षं सरकारी नोकरी करतोस, लोकांच्या अर्जातल्या चुका काढतोस, घरातला अर्ज बघायला काय झालं होतं? पोर्टल बनवणाऱ्यांचा उद्धार केला. मध्येच वर्ध्याला भावाला फोन लावला की तिकडं महाराष्ट्राच्या कोट्यात काही होतं का बघ. तो म्हणाला, "ताई, इथं दहावी-बारावी इथलीच लागते ना. तिची तर तिकडची." म्हणजे हे राज्य म्हणतं तू लिहून दिलंस की इथली नाहीस, ते राज्य म्हणतं तू शिकलीस तिकडं, इथली नाहीस. मग पोर आहे तरी कुठली? सुट्टीत वर्ध्याला गेली की मावसभावंडं तिला 'यूपीवाली' म्हणतात, आणि इथं शाळेत बारा वर्षं ती 'वो मराठी लड़की'. वा रे वा!

चार वाजता मदत केंद्रावर पोचलो. काचेमागचा माणूस खरं तर भला होता. त्यानं निळी फाईल पूर्ण पाहिली, तेलीबागेतल्या शाळेच्या दोन्ही गुणपत्रिका पाहिल्या. मग पडद्याकडं बघून म्हणाला, "नाम श्रावस्ती, पैदाइश लखनऊ, पढ़ाई लखनऊ, और होम स्टेट महाराष्ट्र? ये किसने भरवाया, मैडम?"

"सर, बदल दीजिए। गलती से हुआ।"

"पोर्टल लॉक है। हमारे हाथ में होता तो अभी कर देता।"

मी भांडले. साहेबांना भेटले. साहेबांनी तेच सांगितलं, फक्त जास्त सावकाश. वरातीमागून घोडं नाचवत होते मी, दुसरं काय. बाहेर पायरीवर आलो. सगळ्यांवर ओरडून झालं होतं, उरली होती फक्त पोरगी. तर मी तिच्यावर ओरडले. "तू भरत होतीस ना? डोळे कुठं होते? एवढी हुशार म्हणवतेस, एका शब्दानं विचारता आलं नाही?"

श्रावूनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, हेच वाईट.

"पूछा था, मम्मी।"

विचारलं होतं तिनं. मला सगळं आठवलं. मी कागद काढून देता देता भजी तळत होते, ती ओट्याला टेकून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. "मम्मी, होम स्टेट में यूपी डालूँ?" आणि मी हातातला झारा तिच्यावर रोखून म्हटलं होतं, "यूपी काहून? वर्ध्याचं घर काय भाड्याचं हाय? महाराष्ट्र टाक. मराठी म्हणायची लाज वाटते का तुले?" तिनं महाराष्ट्र टाकलं होतं. आतल्या खोलीतून विलास "बरोबर आहे" म्हणाला होता. खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते कोणीच वाचलं नव्हतं. कानपूरच्या बाईंना मी नियम शिकवत होते, आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात माझा नियम चालला होता तो हा.

आपलेच दात, आपलेच ओठ.

पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत गोरखपूर लागलं, सिव्हिल. तिच्याहून पाच हजार रँक मागं असलेल्या तिच्या मैत्रिणीला इथं लखनऊत इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. ती पेढे घेऊन आली तेव्हा श्रावूनंच दार उघडलं, आणि तिच्या गळ्यात पडली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. लष्करात असाल, हवाई दलात असाल, बँकेत, रेल्वेत, कुठंही परमुलखात पोरं वाढवत असाल, तर कॉलेजची शहरं नंतर बघा. आधी तो रकाना बघा. तो तुम्हाला 'तुमचं गाव कोणतं' विचारत नाही. अभिमान घराच्या भिंतीवर टांगा, फॉर्मात टांगू नका. आणि पोरानं काही विचारलं तर झारा खाली ठेवून ऐका. गोरखपूर शहर म्हणाल तर चांगलं आहे, खाणं स्वस्त, लोक मदतीचे, लखनऊहून सकाळी निघून दुपारी पोचता येतं. कानपूर मुलींसाठी हॉस्टेलचा नियम विचारूनच भरा. लखनऊ सगळ्यात बरं, पण ते मला आता सांगवत नाही.

काल अमीनाबादेतून तिच्यासाठी दोन चादरी, बादली आणि कुलूप आणलं. संध्याकाळी ती हॉस्टेलचा अर्ज घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसली. कागदी अर्ज, पेनानं भरायचा. मी ओट्यापाशीच होते, हात मुद्दाम धुऊन बसले.

"मम्मी, परमानेंट ऐड्रेस में क्या लिखूँ?"

जिभेवर वर्धा आलं होतं. गिळलं. "तुझं घर जिथं आहे ते लिही."

तिनं तेलीबाग लिहिलं. मला लागलं, खोटं कशाला सांगू. राग अजून आहे, पोर्टलवर आहे, त्या दोन राज्यांवर आहे, आणि सगळ्यात जास्त ज्या बाईवर आहे तिच्याच हातचं रोज जेवते. कागद पडताळून बघते म्हणून मी अर्ज मागितला. या वेळी एकेक ओळ बोट ठेवून वाचली, बारीक अक्षरांसकट. खाली एक रकाना होता, मातृभाषा. त्यात आधीच 'मराठी' लिहिलेलं होतं, वळणदार अक्षरात.

"हे विचारलं नाहीस मला?" मी म्हटलं.

श्रावूनं पेनाचं टोपण लावलं. "इसमें क्या पूछना, मम्मी?"