शेवटच्या तासाचा वडापाव

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पोरांना संप करायला शिकवलं, अशी माझ्याविरुद्ध तक्रार झाली होती. चर्चच्या समितीपुढे मला बसवून चांगली कानउघाडणी केली. मी माफी मागितली नाही आणि आजही मागणार नाही. संप मी शिकवलाच नव्हता. आमच्या पोरांना तो शिकवावा लागत नाही, ती पिंपरी-चिंचवडची आहेत.

मी आठवडाभर एका शाळेत गणित शिकवते आणि रविवारी सकाळी चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये कॅथलिक मुलांना धर्म. पगार फक्त पहिल्याचा मिळतो, डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच. माझ्या वर्गात येतात ती पहिल्या कम्युनियनची मुलं. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद जिभेवर घ्यायचा तो दिवस. मुलींना पांढरे फ्रॉक, मुलांना पांढरे शर्ट, हातात मेणबत्ती, नगरहून, जालन्याहून आलेले पाहुणे आणि घरी बिर्याणीचं पातेलं. आमच्या घरांमध्ये या दिवसाचा थाट लग्नाच्या खालोखाल असतो. मुलं वर्षभर त्याच्याच आशेवर येऊन बसतात.

प्रार्थना त्यांना घडाघडा पाठ असतात. अर्थ विचारला की वरच्या पंख्याकडे बघतात. म्हणून मी पाठांतराचा नाद सोडला आणि प्रत्येक गोष्ट करून दाखवायला लागले. हरवलेलं मेंढरू शिकवायचं तर एकाला आवारात लपवायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं. पाय धुण्याचा प्रसंग शिकवायचा तर बादली, टमरेल आणि टॉवेल घेऊन बसायचं, आणि ज्याच्याशी भांडण असेल त्याचेच पाय धुवायचे. हॉलभर पाणी होई, पण गोष्ट डोक्यात बसे. समितीला हा प्रकार पहिल्यापासूनच पसंत नव्हता.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, रेल्वेलाइनीच्या कडेच्या वस्तीतली. दर रविवारी उशिरा यायची. वर्ग अर्धा उलटला की दारात उभी, धापा टाकत, एक वेणी घातलेली आणि दुसरी तशीच. तिची आई एका मोठ्या दवाखान्यात रात्रपाळीला साफसफाईचं काम करायची. बदली बाई आल्याशिवाय आईला जागा सोडता येत नसे, आणि बदली बाई कधी वेळेवर आली नाही. बाप चाकणला कंत्राटी कामगार. आता चाकणच्या त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. देव रविवारी आणि सुट्टी गुरुवारी, असा आमच्याकडचा घोळ. तर रविवारी बाप पहाटेच्या बसने कंपनीत, आई दवाखान्यात, आणि घरात अर्धांगवायू झालेले आजोबा. त्यांना एकटं सोडायचं नाही. आई आली की ही पोरगी पायात चपला सरकवायची आणि चर्चपर्यंत पळत सुटायची.

समितीचे प्रमुख एका कंपनीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळी मुलं त्यांना अंकल म्हणायची. उभा जन्म त्यांचा गेटवर लोकांच्या वेळा बघण्यात गेला होता, आणि तोच खाक्या त्यांनी चर्चमध्ये आणला. तीनदा लेट मार्क म्हणजे एक गैरहजेरी. गैरहजेऱ्या जास्त झाल्या की कम्युनियन पुढच्या वर्षी. वाकडच्या सोसायट्यांमधली मुलं गाडीतून उशिरा उतरली तर त्याला ट्रॅफिक म्हणायचे. वस्तीतलं पोर पायी उशिरा आलं की ती बेशिस्त. हे मी तोंडावर बोलून दाखवलं होतं आणि तेव्हापासून आमचं जमत नव्हतं.

तर ईस्टरआधीच्या उपवासकाळातला एक रविवार. त्या दिवशी मला द्राक्षमळ्याच्या मजुरांची गोष्ट घ्यायची होती. ही येशूने सांगितलेली गोष्ट. मळ्याचा धनी सकाळी मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला आला तरी नाक्यावर उभे असलेल्यांना घेऊन येतो, आणि शेवटी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो. तीही शेवटी आलेल्यांना आधी.

मळा म्हणून मी चर्चच्या मागचं आवार दिलं, पाचोळा आणि कागदांनी भरलेलं. मजुरी म्हणून प्रत्येकी एक वडापाव. धनी केलं वाकडच्या एका गुबगुबीत, हसऱ्या मुलाला. त्याला माझा गॉगल दिला. तो गॉगल सावरत, बाकीची पोरं मजूर होऊन उभी होती त्या लुटुपुटूच्या नाक्यावर गेला आणि म्हणाला, "चला रे, काम आहे."

"ओव्हरटाइम आहे का?" एकीने लगेच विचारलं.

"कॅन्टीन आहे का, साहेब? आणि बस?"

मी हसू दाबलं. पहिली तुकडी झाडू घेऊन लागली. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. चैत्राचं ऊन, पोरं घामाघूम झाली. काम संपत आलं तेव्हा ती वस्तीतली मुलगी नेहमीप्रमाणे धापा टाकत आली. मला काही सांगावंसुद्धा लागलं नाही. धन्याने गॉगलमधून पाहिलं आणि म्हणाला, "तू पण ये." तिने दोन-चार कागद उचलले आणि संपलं काम.

मग मजुरी. धन्याने पहिला वडापाव तिच्या हातात ठेवला. सकाळपासून राबलेल्यांचे डोळे लकाकले. हिला एक, तर आपल्याला किमान दोन! पण प्रत्येकाला एकेकच मिळाला.

अहो, काय सांगू! जो भडका उडाला! एका मुलाचा बाप युनियनमध्ये होता. तो सरळ गेटसमोर मांडी घालून बसला. "ए, सगळे इथं बसा! एकानंही खायचं नाही!" त्याच्यामागे अख्खा वर्ग बसला आणि घोषणा सुरू झाल्या. "नहीं चलेगी, नहीं चलेगी! धन्याची दादागिरी नहीं चलेगी!" धनी गॉगल काढून माझ्यामागे लपला. तेवढ्यात मिस्साहून बाहेर पडणारे पालक गेटपाशी पोचले आणि आ वासून बघत राहिले.

मला ते भांडण हवंच होतं. मी म्हटलं, "ठरला होता एक वडापाव. मिळाला एक वडापाव. मग तुमचं काय लुटलं त्याने?"

"पण तिला का तेवढाच?" नेता ओरडला.

तेव्हा मागून एक शांत मुलगा बोलला, "माझे पप्पा परमनंटवाल्यांएवढंच काम करतात. त्यांना कमी देतात. ते चालतं का?"

एवढ्या गडबडीत ती मुलगी उठली, माझ्याजवळ आली आणि तिने वडापाव माझ्या पिशवीत परत ठेवला.

"माझा नको, टीचर. मी उशिरा आले."

"अगं, गोष्टच ती आहे. तुझा हक्काचा आहे तो."

"नको. माझं कम्युनियन पण पुढच्या वर्षी आहे ना. अंकलनी मम्मीला सांगितलं."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती. जे झालं ते बरोबरच, अशा चेहऱ्याने उभी होती, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. नऊ वर्षांच्या पोरीला आपण पटवून दिलं होतं की देवाच्या घरातही तिचा वाटा कमीच. सगळी पोरं गेल्यावर मी हॉलमध्ये बसून तो वडापाव रागाच्या भरात खाऊन टाकला.

त्याच आठवड्यात समितीचं बोलावणं आलं. पालकांनी तक्रार केली होती. अंकल खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "मॅडम, चर्चच्या आवारात घोषणाबाजी? हे काय चाललंय?"

"घोषणांचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी मला सांगा, त्या मुलीचं कम्युनियन कोणी थांबवलं?"

"नियमाने थांबलं. आम्ही कंपनीत मिनिटाचाही उशीर चालवून घेतला नाही."

"ही कंपनी आहे का? इथं काय गाड्या बनतात?"

"मॅडम, एकीला सूट दिली तर उद्या सगळेच उशिरा येतील."

"येऊ द्या ना! दार उघडं ठेवायला आपलं काय जातं? ती पोरगी आजाऱ्याची सेवा करून पळत येते. जे आपण फळ्यावर लिहितो ते ती घरी करते. आणि तिला लेट मार्क?"

फादर तरुण होते, स्वभावाने मवाळ. दोघांकडे आळीपाळीने बघून त्यांनी मधला मार्ग काढला. पुढच्या रविवारी ती वेळेवर आली तर विचार करू. अंकलनी मान हलवली. मला मात्र हा मार्ग म्हणजे गोड बोलून दार लावणंच वाटलं.

मी वस्तीत जाऊन तिच्या आईला निरोप दिला. आई दारात बसून लसूण सोलत होती. "मी काय कमी हातापाया पडते का, टीचर?" ती म्हणाली. "पण बदलीवाली आल्याबिगर सुटका न्हाई. शेजारीण दोनदा बसली बाबांजवळ. दर रविवारी कोण बसंल?" आत खाटेवर आजोबा होते. मुलगी त्यांना चमच्याने पेज भरवत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ पुसायचा रुमाल शोधायला लागली. परतताना मी रस्ताभर मनातल्या मनात अंकलशी भांडत होते. वर्गातल्या दोघी-तिघी त्याच वस्तीतल्या. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं असणार, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रविवारी मी हॉलमध्ये गेले तर बाकं रिकामी. एकही पोर नाही. वाटलं, पालकांनी माझा वर्गच बंद पाडला. बाहेर आले तर अंकल गेटच्या आत हातघंटा घेऊन उभे, तोंड लाल. आणि गेटच्या बाहेर, कडुनिंबाखाली, माझा अख्खा वर्ग मांडी घालून बसलेला.

"आत या!" अंकल ओरडत होते. "वेळ झाली!"

नेत्याने वर बघितलं. "अंकल, आम्ही अजून आलोच नाही."

"म्हणजे काय? समोर तर बसलायत!"

"इथं बाहेर बसलोय. आत आलो की आलो. सगळ्यांना लेट मार्क लावा."

तो वाकडचा धनीसुद्धा त्यांच्यात होता. त्याची आई गाडीतून हाका मारत होती आणि तो बहिरा झाल्यासारखा बुटाची लेस बांधत होता. अंकल माझ्याकडे वळले. "हे तुमचंच काम!"

शपथेवर सांगते, माझं नव्हतं. पण असतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं. मी गेटबाहेर गेले, साडी सावरली आणि पोरांच्या मधोमध बसले.

"मीही अजून आलेले नाही, अंकल," मी म्हटलं.

आम्ही बसून राहिलो. कोणी घोषणा दिली नाही. मिस्साला आलेली माणसं थांबून विचारत होती, काय झालं, आणि पोरं सांगत होती, एकजण यायची आहे. अंकल तीनतीनदा घड्याळ बघत होते. मला धाकधूक होती, ती आज आलीच नाही तर?

ती आली. वळणावरून पळत आली आणि आम्हाला बाहेर बसलेलं बघून थबकली. चेहरा पांढराफटक. आपल्यामुळे वर्ग बंद झाला असंच तिला वाटलं असणार.

"सॉरी टीचर," ती कशीबशी म्हणाली. "मम्मी आत्ताच..."

"सॉरी कशाला?" नेता उठला आणि त्याने पँट झटकली. "आम्ही पण आत्ताच आलोय."

फादर केव्हाचे व्हरांड्यात उभे होते. ते खाली उतरले, त्यांनी अंकलच्या हातातली घंटा घेतली आणि स्वतः वाजवली. मग तिच्या अर्ध्या वेणीकडे बघत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कम्युनियनच्या रांगेत हिला धरा." गेट मात्र अंकलनीच पूर्ण उघडलं, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन.

वर्गात सगळे बसले. मी फळ्याकडे वळले तर मागच्या बाकावरून हात वर आला. तिचा. वर्षभरात तिने हात वर केल्याचं मला आठवत नव्हतं.

"टीचर, त्या दिवशीचा माझा वडापाव कुठाय?"

"तो मी खाल्ला," मी म्हटलं. वर्ग हसून लोटपोट झाला. ती हसली नाही.

"मग आज नवीन आणा," ती म्हणाली. "सगळ्यांना आणा. आणि मला पहिला."