एक्स-रेतला बोअर

एक डोळा मिटून त्यानं माझा एक्स-रे बसच्या खिडकीला धरला, जणू बोअरमध्येच डोकावतोय. मी हिंगोलीला गुडघा दाखवून आखाडा बाळापूरला परतत होतो. हा शेजारी बोअरमध्ये मोटर सोडणारा मिस्त्री. पाइप टांगायचा लोखंडी क्लॅम्प त्यानं लेकरासारखा मांडीवर घेतला होता.

शिक्षकांच्या कबड्डीत माझं लिगामेंट तुटलं आणि डॉक्टरांनी हाडाला भोक पाडून त्यातून नवं ओवलं, हे मी सांगितलं.

"अन् हे वर आडवं काय हाय?"

"बटण. भोकातून उभं जातं, बाहेर निघालं की आडवं होतं. सगळं त्याच्यावरच टांगलंय."

"बराबर आमच्या क्लॅम्पवानी! दोर कोणता, नायलॉनचा?"

"माझ्याच मांडीमागची शीर."

"आरं बाप्पा! दोर बी गिऱ्हाइकाचाच!" तो इतका हसला की कंडक्टरनं वळून पाहिलं.

डॉक्टरांनी कुबडी सोडायला सांगून आठवडा झालाय, पण बटण निसटेल या भीतीनं ती सुटत नाही, हेही मी कबूल केलं.

"सर, मोटर सोडली की आमी घरी जातो. बोअरच्या तोंडाशी बसून न्हाई राहत."

त्याचा फाटा आला. तो उतरला आणि खालून ओरडला, "सर, क्लॅम्प राहिला की! द्या ना जरा!"

मी उठून दारापर्यंत गेलो, क्लॅम्प दिला. तो मात्र एक डोळा मिटून माझ्या गुडघ्याकडे बघत होता.

बस सुटली. जागेवर येऊन बसलो, तर कुबडी सीटखालीच पडलेली.